वरच्या काकूंचा डाव

अण्णांनी तीस वर्षं नाट्यगृहाची ध्वनियंत्रणा सांभाळली होती. त्यांचा नियम ठरलेला: गाणं जिथून येतं तिथला आवाज पूर्ण मोठा, कमी-जास्त करायचं ते अ‍ॅम्प्लिफायरवर. म्हणून मुलीने दिलेला लॅपटॉप घरच्या स्टिरिओला जोडताना त्यांनी लॅपटॉपचा आवाज टोकापर्यंत नेला. गाणं जुनं, दबकं होतं. अण्णांनी अ‍ॅम्प्लिफायरचं बटणही जोरात पिळलं, तर ते निमूटपणे हातातच आलं.

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. न उचलून चालणार नव्हतं. अण्णा एकटे पडलेत अशी नुसती शंका आली असती, तरी घराला कुलूप लावून तिने त्यांना स्वतःकडे नेलं असतं. बायको गेल्यापासून या घरात करमत नव्हतं हे खरं. पण घर सोडवतही नव्हतं.

"अण्णा, जेवलात का?" दोन्ही स्पीकर गरजले.

"हळू बोल गं!"

"हळूच बोलतेय! वरच्या काकू आल्या होत्या पत्ते खेळायला? की काल हरल्या म्हणून रुसल्या?"

अख्ख्या जिन्याने ते ऐकलं. अण्णांनी घाबरून वायर उपटली, ती दिव्याची निघाली.

"अंधार कसला? एकटेच आहात ना? खरं सांगा!"

"छे! काकू आहेत की. पाणी प्यायला आत गेल्यात." अण्णा जिन्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले.

तोच बेल वाजली. दारात वरच्या काकू. इतक्या वर्षांत दोघांची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरती. काकूंनी अण्णांकडे एकदा पाहिलं आणि सरळ लॅपटॉपसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"प्यायले पाणी. आणि काल मी हरले नव्हते. तुझे वडील पत्ते लपवतात."

मुलगी खदखदून हसली. "बरं झालं बाई! अण्णा, मग आता रोज नाही करत फोन. रविवारी करते. तुम्ही रमलाय तिथे."

कॉल बंद झाला. दिवसभरात अण्णांचं माणसाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच. थापा मारून मारून त्यांनी तेही घालवलं होतं. डोळे भरून आले, पण दिवा बंद होता हे एक बरं.

काकूंनी खुर्ची ओढली. "दिवा लावा आणि काढा पत्ते."

अण्णा ओशाळले. "पत्ते... नाहीत घरात."

"मग काल आपण खेळत काय होतो?"