जिभाऊंचं सिमेंटचं गिऱ्हाईक

आमच्या शेजारचे जिभाऊ कुणाला राम राम करत नाहीत, माप सांगतात. सकाळी मी दात घासत ओट्यावर उभा असतो आणि समोरून आवाज येतो, "भाऊ, कंबर दोन इंच वाढनी तुन्ही." झाला आमचा राम राम. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला आले, हात जोडून माझ्या मेव्हण्यासमोर पाच मिनिटं बसले आणि उठताना हळूच म्हणाले, "दुःखमा खांदा उतरी गया बिचाराना. डावा जास्ती." मेव्हण्याला आधी रागच आला. मग आरशात पाहिलं तर डावा खांदा खरंच खाली होता.

जिभाऊ हे शिंपी. मूळ नाव भगवान, पण आमच्या खांडबाऱ्यात त्या नावाने विचारलं तर लोक देवळाकडे बोट दाखवतील. पंचेचाळीस वर्षं मशीन चालवतायत आणि टेप मात्र खुंटीला. टेप गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी, असं ते म्हणतात. माप त्यांचं नजरेचं. पेपरात कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो आला की त्यांना त्याचा पक्ष कळत नाही, कॉलर कळते. "सोळानी कॉलर आनि साडेपंधरा घालेल शे. गुदमरी ऱ्हायना तो," एवढंच त्यांचं राजकारण.

लहानपणी माझे सगळे कपडे त्यांनीच शिवले. आत चार बोटं कापड दुमडून ठेवायची त्यांची पद्धत होती. दर जूनमध्ये आई ते उसवायची, आणि आत राहिलेल्या कापडाचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद दिसायचा. माझ्या आठवीच्या पँटीवर तळाशी अशा दोन पट्ट्या होत्या. वर्गातली पोरं त्या मोजून मी किती साल नापास झालो ते सांगायची. मी जिभाऊंवर फार चिडायचो.

आता त्यांच्या सिमेंटच्या गिऱ्हाइकाची गोष्ट. नवापूरच्या बाजूला एका गावाबाहेर रुबेन पास्टरांनी आपल्या खडकाळ जमिनीवर बायबलची बाग उभी केली आहे. नोहाचं तारू, दाविदाची गोफण, कोकरू घेतलेला मेंढपाळ, सगळं सिमेंटचं, बहुतेक माणसाच्या उंचीचं, कपड्यांसकट रंगवलेलं. त्यात एक लहानगा शमुवेल आहे. आई हन्नाने त्याला मंदिरात सेवेला ठेवलं आणि ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून घेऊन जायची, असं पुस्तकात आहे. पास्टरांच्या मनात आलं की याचा झगा तरी कापडाचाच असावा आणि दरवर्षी नवा यावा. पण पोराचा एक हात कानाशी वर गेलेला, हाक ऐकत असल्यासारखा. बाजारातला एकही रेडीमेड झगा त्याच्या अंगात जाईना. म्हणून ते जिभाऊंच्या दुकानात आले.

"पोऱ्याले लई या. माप लिसू," जिभाऊ म्हणाले.

"पोरगा सिमेंटचा आहे, जिभाऊ."

जिभाऊंनी कातर खाली ठेवली. "मंग माले तठे लई चला."

तिथे त्यांनी पुतळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, हन्नाची गोष्ट पास्टरांकडून दोनदा ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "दरसाल एक? ती माय शिंपीन व्हती का?" पास्टर म्हणाले, तसं काही लिहिलेलं नाही. जिभाऊ म्हणाले, "लिखेल नई ऱ्हाव. पन व्हती." तेव्हापासून नाताळाआधी एक दिवस दुकान बंद ठेवून, झगा हँगरला लावून ते एकटे बसने तिकडे जातात. याला सात वर्षं झाली.

यंदा मात्र त्यांनी गल्लीतले आम्ही आठ जण गोळा केले आणि काळीपिवळी जीप ठरवली. कारण मला ठाऊक होतं. पावसाळ्यानंतर त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि बाजारात कुणीतरी बोलून गेलं होतं, "जिभाऊनी नजर गयी आते." ते त्यांच्या कानावर आलं. ते भांडले नाहीत. फक्त मला म्हणाले, "यंदा तुम्ही समदा चला. मन्हं काम बागमा लायेल शे, सोताना डोळाघाई देखा." ज्या माणसाकडे नजरेशिवाय दुसरं काही नाही त्याने आम्हाला साक्षीला बोलावलं होतं.

जीपमध्ये झगा त्यांनी पुढच्या काचेशी हातात धरला होता. जांभळा, बाह्यांना पिवळी किनार. ड्रायव्हरला डावीकडचं काही दिसेना, तो मान वाकवून गाडी हाकत राहिला. ड्रायव्हरने वाटेत आणखी चढवलेल्या प्रत्येक माणसाला जिभाऊ सांगत होते, "आठेतल्या कोन्ही नई शिवेल. खांडबारानं काम शे." एक बाई मक्याचं पोतं घेऊन चढली, तिलाही सांगितलं. तीही कौतुकाने हात पुसून किनार बघून गेली. मला उगाच छाती फुगल्यासारखं झालं. जिभाऊंनी ते लगेच पाहिलं आणि म्हणाले, "साडेत्रेचाळीस."

बागेत शिरल्यावर जिभाऊ पुढे आणि आम्ही मागे. दाविदासमोरच्या राक्षसी गल्याथापाशी ते थांबले, मान वर करून म्हणाले, "छाती साठना खाले नई. याले शिवता शिवता मशीन मोडी." मेंढपाळाच्या रंगवलेल्या अंगरख्यावर हात फिरवून त्यांनी निकाल दिला की याला शिलाईच नाही, हा माणूस यात शिरला कुठून? आदाम आणि हव्वा आले तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली, जमिनीकडे पाहिलं आणि पावलं झपाझप उचलली. "आठे आपलं काही काम नई."

शमुवेलापाशी गुजरातकडून आलेली एक बस भरून माणसं उभी होती. रुबेन पास्टरांनी जिभाऊंचं नाव घेऊन सर्वांना सांगितलं की हेच ते. लोकांनी वाट करून दिली. जिभाऊंनी जुना, विटलेला झगा अलगद उतरवला, वर गेलेला हात आधी घातला, मग डोकं, मग दुसरा हात, आणि नवा झगा खाली सोडला.

झगा लांब झाला. सिमेंटची बोटं बाह्यांत गडप झाली आणि पायाचे अंगठे कापडाखाली गेले. कुणी हसलं नाही, पण आमच्यातल्या एकाने दुसऱ्याकडे बघितलं. माझी बायको हळूच म्हणाली, "जिभाऊ, लांब वाटी ऱ्हायना." मला वाटलं, आता गावभर होणार. आपण यायलाच नको होतं.

तेवढ्यात पास्टर आतून एक स्टूल घेऊन आले, न मागता. जिभाऊ त्यावर बसले, तोंडात दोन टाचण्या धरल्या आणि झग्याचा आणि बाह्यांचा काठ आत दुमडायला लागले. त्यांचे ते हात पाहिले आणि मला एकदम आठवलं. आम्हालाही ते असंच उभं करायचे. काठ कधी आधी दुमडलेला नसायचा. कपडा अंगात घालून, पायावर लोळू देऊन, मग चार बोटं आत. मी ते साफ विसरलो होतो.

"जिभाऊ," मी म्हणालो, "हाऊ काही वाढाव नई."

"माले माहीत शे," टाचण्यांमधून ते म्हणाले. सुई ओवली, पहिल्याच प्रयत्नात, मोतीबिंदूच्या डोळ्याने. चार-सहा टाके घातल्यावर मान वर न करता बोलले, "सात वरीस व्हयनात भाऊ. दुकानमा एक लेकरू माप दिवाले उनं नई. समदा रेडीमेड. हाऊ एकच शे. दरसाल उभा ऱ्हास. हालस नई, रडस नई."

माझी दोन मुलं जिभाऊंच्या दुकानासमोर वाढली. त्यांचे कपडे मोबाईलवरून येतात, लहान-मोठे झाले की परत जातात. दोघांपैकी एकानेही जिभाऊंसमोर उभं राहून कधी माप दिलं नाही. मला त्या वेळी माझीच लाज वाटली.

ते उठले तेव्हा झगा घोट्याच्या बरोबर वर थांबला होता आणि बाही मनगटावर. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. पास्टरांनी टाळी वाजवली, मग बसमधल्या लोकांनी, मग आम्ही. बाजारात बोलणारा तो माणूस तिथे हवा होता असं मला फार वाटलं. जिभाऊंनी मात्र फक्त शमुवेलाची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "वाढना तं? आपली तयारी ऱ्हावाले पाहिजे."

मोहाच्या झाडाखाली भरीत-भाकरी खाताना मी त्यांना म्हटलं, माझा एक शर्ट शिवा. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. टेपचं नावही काढलं नाही.

गेल्या आठवड्यात शर्ट आला. अंगात असा बसला की बायकोने आधी मला आणि मग शर्टाला पाहिलं. रात्री तो घडी करताना तिने बाही उलटी केली आणि मला हाक मारली. आत चार बोटं कापड दुमडलेलं होतं, हातशिलाईने, सहज उसवेल असं. मी बावन्न वर्षांचा आहे. आई गेल्यापासून, मी अजून वाढेन असं कुणाला वाटलं नव्हतं.