शिरूर कासारची खुर्ची

भविष्य ही फार नाजूक गोष्ट आहे. ज्यांना ते जगायचं आहे त्यांच्याच हाती सोपवलं तर त्याचा पार विचका होतो, असा सर्व जबाबदार संस्थांचा अनुभव आहे. बीड जिल्ह्यातल्या आमच्या बालाघाट प्रांतीय ख्रिस्ती मंडळी परिषदेनं ही चूक कधीच केली नाही, आणि परिषदेचा प्रसिद्धिप्रमुख या नात्यानं मला त्याचा रास्त अभिमान आहे.

यंदा परिषदेनं पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा मतदानानं न ठरवता ‘सामुदायिक कानोसा’ पद्धतीनं ठरवायचं ठरवलं. यात सगळ्यांनी गोलाकार बसायचं, गप्प राहायचं आणि देवाची आपल्यासाठी काय इच्छा आहे त्याचा कानोसा घ्यायचा. मग ज्याला जे उमगलं ते त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी वाद घालायचा नाही. (ही शेवटची अट ऐकताच आमचे दोन ज्येष्ठ सभासद आजारी पडले.) पद्धत शिकवायला पुण्याहून एक मार्गदर्शक आले होते. त्यांचा आवाज इतका शांत होता की पहिला अर्धा दिवस आम्ही त्यांचाच कानोसा घेत होतो.

सभा दिवाळीनंतर ठेवली. त्या दिवसांत शिरूर कासारकडची बहुतेक मंडळी ऊसतोडीला गेलेली असतात, त्यामुळे गर्दी होत नाही आणि एकाग्रता वाढते. पण गैरहजर माणसालाही मान द्यायचा, हे या पद्धतीचं तत्त्वच आहे. म्हणून मंडपवाल्याकडून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या, आणि ज्या गावचं कुणी आलं नाही त्या गावाच्या नावाची चिठ्ठी डकवून एकेक खुर्ची रिकामी ठेवली. नेकनूरची एक, लिंबागणेशची एक, शिरूर कासारची एक, अशा बऱ्याच झाल्या.

आणि काय सांगू, त्या खुर्च्यांनी जो कानोसा घेतला तो आम्हा हाडामांसाच्या माणसांना उभ्या जन्मात जमला नसता! एकीनंही मोबाईल बघितला नाही. जेवायला काय आहे विचारलं नाही. डुलकी काढली नाही. आमचे एक वडीलधारे सभासद बद्रीनाथराव दुपारी पुतण्याच्या प्रचाराला निघून गेले, तेव्हा त्यांच्याही जागेवर चिठ्ठी लावली. संध्याकाळी पाहणी केली असता बद्रीनाथरावांपेक्षा त्यांच्या खुर्चीचं वागणं कितीतरी परिपक्व आढळलं. तेव्हा रीतसर ठराव झाला की खुर्च्यांनाही मताचा अधिकार असावा, आणि जी खुर्ची हरकत घेणार नाही तिची संमती धरावी. परिषदेतलं मतैक्य सकाळी एकवीस टक्के होतं, ते शहाण्णव टक्क्यांवर गेलं. (उरलेले चार टक्के म्हणजे चहावाला. तो सभासद नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.) मार्गदर्शकांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी मुख्य विषय होता. शिरूर कासारच्या प्रार्थनाघरामागे एक खोली आहे. हंगामात आईबाप तोडीला गेले की त्यांच्या पोरी तिथं राहतात आणि शाळेत जातात. त्यांना भाकरी करून घालतात भिवराबाई. बाईंना आता वयामुळं ऊसतोडीचा कोयता उचलवत नाही. पोरींतल्या निम्म्या ख्रिस्ती मंडळीच्या, निम्म्या बाकीच्या गावाच्या. कोणती कुठली हे भिवराबाईंना विचारलं तर त्या आपल्यालाच वेड्यात काढतात. ही खोली रिकामी करून तिथं कायमस्वरूपी ‘कानोसा केंद्र’ उभारावं, म्हणजे ऊसतोड कुटुंबांच्या भवितव्याचा विचार निवांतपणे करता येईल, असा तो प्रस्ताव होता.

नेमक्या त्याच वेळी भिवराबाई एसटीनं आल्या आणि आपल्या गावाचं नाव बघून सरळ शिरूर कासारच्या खुर्चीवर बसल्या.

सभेत सन्नाटा पसरला. (सभा आधीपासून गप्पच होती, पण हा वेगळा.) चिटणीस विजयसिंहराव माणूस मोठा सभ्य. त्यांनी हात जोडून समजावलं की ही खुर्ची न आलेल्यांसाठी आहे, तुम्ही तर आलात. तुम्ही बसलात तर शिरूर कासारची बाजू मांडणार कोण?

भिवराबाई म्हणाल्या, “मीच हाय की शिरूरची.”

विजयसिंहरावांनी पुन्हा न चिडता सांगितलं की तुम्ही एकट्या आहात, खुर्ची सबंध गावाची आहे. त्या उठल्या. दुसरी खुर्ची देण्याची परिषदेची मनापासून इच्छा होती, पण सगळ्या खुर्च्यांवर गैरहजर माणसं होती. त्या दाराशी उभ्या राहिल्या.

मार्गदर्शक म्हणाले, ज्याच्या मनात जे येईल ते त्यानं निर्भयपणे बोलावं. भिवराबाई बोलल्या. “पोरींची सोय मोडू नका साहेब. माझी नात आरोही सातवीला हाय. खोली गेली की ती आईबापासंगं उसाच्या फडावर जाईल. आन् एकदा फडावर गेलेली पोरगी परत शाळंत येत न्हाई, मी लई बघितल्यात.”

पद्धतीप्रमाणे कुणीही वाद घातला नाही. ‘उभ्या असलेल्या एका भगिनीचे मनोगत’ म्हणून ते आदरानं नोंदवलं. (उभ्या माणसाला मत नसतं.) मग विजयसिंहरावांनी शिरूर कासारच्या खुर्चीकडे वळून विचारलं, आपली काही हरकत? पुरेसा वेळ दिला. खुर्ची गप्प राहिली. ठराव एकमतानं मंजूर झाला.

भिवराबाई त्या खुर्चीकडं बघत होत्या. “हिला लेकरं न्हाईत,” त्या म्हणाल्या, “म्हनून गप हाय.” आणि पदर खोचून स्टँडच्या वाटेला लागल्या.

पुढच्या आठवड्यात खोली रिकामी झाली, भिंतींना शांत निळा रंग दिला. पोरींच्या वळकट्या ऊसतोडीची माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या टेम्पोनं नेल्या. आरोही आता उसाच्या मोळ्या बांधते म्हणतात. (खात्रीची माहिती नाही. परिषदेचा कानोसा फडापर्यंत पोचत नाही.)

एक सांगायचं राहिलं. असे निर्णय एकट्या परिषदेच्या जिवावर तरत नाहीत, त्यांना वाचणाऱ्या, हळहळणाऱ्या, सुजाण माणसांचाही पाठिंबा लागतो. म्हणून एक खुर्ची आम्ही तुमच्या नावानं ठेवली होती. भिवराबाई बोलत होत्या तेव्हा ती त्यांच्या अगदी शेजारी होती. तिनं हूं की चूं केलं नाही. तुमचं मत अनुकूल धरलं आहे. परिषद आपली आभारी आहे.