चाफ्याची तपासणी

कोणी तांब्या घेऊन अंगणात उतरलं, की वाघमारे साहेब रस्त्यापलीकडून ओरडतात, "थांबा! मारता का त्याला?"

'तो' म्हणजे चाफा. पाटोद्यात पाणी मिळालं नाही म्हणून भांडणं होतात. आमच्या गल्लीत घातलं म्हणून होतात. आणि भांडणारा माणूस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला.

साहेब घरी एकटेच. दारातल्या पांढऱ्या चाफ्याच्या फांद्या ते गल्लीभर वाटतात. त्याला भेट समजू नये, ती नेमणूक असते. "मास्तर, चाफा दुष्काळानं मरत न्हाई. लाडानं मरतो," हे ऐकल्याशिवाय माझ्याही हाती फांदी आली नाही. मग अटी. फांदी दहा दिवस सावलीत आडवी ठेवायची, चीक वाळू द्यायचा, मगच मुरमात रोवायची. पाणी ते सांगतील तेव्हा. आणि दर शनिवारी तपासणी.

सकाळी साडेसातला फाटक वाजतं. साहेब फांदीपुढे उकिडवे बसतात, तिला बोटानं दाबतात, चिमूटभर माती हुंगतात. दोन मिनिटांचं काम. पुढचा दीड तास आमच्या ओट्यावर. चहा, पोहे, गुडघे, पुण्यातल्या मुलाचा चौदावा मजला. एकदा लग्नाला निघालो होतो, कुलूप हातात होतं. "जा की तुमी, मी बसतो हितं," म्हणाले. संध्याकाळी परतलो तर खरंच बसलेले.

"एकदाची पालवी फुटू दे, म्हणजे सुटू," बायको म्हणायची. मीही त्या काठीकडे आशेनं बघायचो.

मागच्या शनिवारी साहेबांनी फांदी दाबली आणि बोट आत गेलं. बुडखा काळा पडला होता.

"पाणी कुणी घातलं?"

"मी घातलं, भाऊजी," बायको म्हणाली. "तांदूळ धुतलेलं. रोज रातच्याला. मोरीत टाकू वाटंना."

आमच्याकडे तसलं पाणी कुठल्या ना कुठल्या झाडाच्या बुडाशीच जातं. तीन-चार उन्हाळे जिनं हंडे मोजून काढले, त्या बाईला वाळकी काठी दिसल्यावर दुसरं काय सुचणार? पण हे साहेबांना कोण सांगणार! तासाभराच्या व्याख्यानासाठी मी मन घट्ट केलं.

साहेबांनी नुसती फांदी उपटली, खड्डा हातानं सारखा केला. चहा आला, तर घेतला नाही.

"न्हाई वहिनी, ऱ्हाऊ द्या. आता शनिवारचं काम उरलं न्हाई हितं."

चपला घालून ते फाटकाकडे निघाले. म्हणजे सुटलो होतो. मी बायकोकडे बघितलं. ती साहेबांच्या पाठीकडे बघत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "दुसरी द्या की. न्हाईतर दोन द्या. एखादी माझ्या हातनं मरंलबी."

साहेब वळले. बराच वेळ विचार केल्यासारखं केलं.

"दोन म्हणल्यावर मग बुधवारीबी यावं लागंल," ते म्हणाले, आणि ओट्याशी येऊन त्यांनी चपला काढल्या.