गोजरा सशिणीचा न जळलेला उतार

एका जंगलात, बाळांनो, जो जितका म्हातारा तो तितका शहाणा, असा नियम होता. नियम म्हाताऱ्यांनीच केला होता.

तिथं होळी झाली की डोंगरउतारांवरचं वाळलेलं गवत पेटवून द्यायची पद्धत होती. का? तर पुढच्या साली गवत दमदार येतं म्हणून. कुणी बघितलं होतं? कुणीच नाही. पण आज्याच्या आज्यानं पेटवलं होतं. आता आज्याला खोटं कसं पाडायचं?

मग वैशाखात सगळं जंगल उपाशी.

फक्त गोजरा नावाची एक सशीण आपला उतार पेटवत नसे. नवरा लांडग्यानं नेलेला, पदरात पिलं. दिवाळी झाली की ती गवत कापायची, वाळवायची आणि उतारावरच गंज रचायची. वैशाखात हीच शहाणी जनावरं तिच्या दारात. मोहाची फुलं द्यायची, कंद द्यायची आणि पेंढ्या न्यायची. गोजराचं घर त्यावर चालायचं.

एके दिवशी वरून घारबाई आल्या. आभाळाच्या कचेरीत त्या मोठ्या हुद्द्यावर होत्या.

"तुमच्या धुरानं आभाळ तापलंय," त्या म्हणाल्या. "या होळीला किती धूर होतो ते मी बघणार. पुढच्या होळीला किती होतो तेही बघणार. जेवढा कमी होईल, तेवढा मोठा बारमाही पाणवठा तुम्हाला."

गोजरा हरखली. "बाई, मी तर कधीच धूर केला नाही!"

"मग कमी काय करणार?" घारबाईंनी विचारलं.

गोजरा डोकं खाजवू लागली. तुम्हालाही उत्तर सुचणार नाही. उगाच डोकं खाजवू नका.

दाजिबा गवा हा जंगलाचा कारभारी. त्यानं बैठक बोलावली.

"गोजरे, यंदा तुझाबी उतार पेटवायचा."

"तात्या, अहो त्यांनी धूर कमी करायला सांगितलाय."

"कमीच करायचाय की. पण पुढल्या साली. यंदा जेवढा जास्त, तेवढा पुढं कमी. तुझं गवत आजवर जळलं न्हाई. नुसता भडका उडंल भडका!"

"आणि माझी गंज? वैशाखात पिलांना काय घालू? तुम्ही तरी काय खाणार?"

"बाईमाणसाला लांबचं दिसत न्हाई," एक म्हातारा सांबर म्हणाला. त्याला स्वतःला मोतीबिंदू होता.

"पाणवठ्यात तुझाबी वाटा हाय," दाजिबानं विषय मिटवला.

हे ऐकून तिथल्या तरुण कोल्ह्यांना भयंकर राग आला. ते टेकाडावर चढले आणि म्हाताऱ्यांच्या नावानं दिवसभर कोल्हेकुई करत बसले. गोजरा खालून म्हणाली, "बाबांनो, ओरडताय कशाला? गंज हलवायला या." पण तोवर त्यांचे घसे बसले होते. आणि घसा बसला की कोल्ह्याला पेंढी उचलवत नाही.

हसू नका. मी तिथं असतो तर सगळ्यात मोठ्यानं ओरडलो असतो आणि सगळ्यात आधी घरी जाऊन झोपलो असतो.

होळीला उतार पेटला. गंजही गेली. धूर असा उठला की घारबाईंना ठसका लागला.

"छान!" त्या खोकत म्हणाल्या. "इथं सुधारणेला फार वाव आहे."

वैशाखात दाजिबा सवयीनं गोजराच्या दारात उभा.

"गोजरे, जरा पेंढ्या दे गं."

"वर गेल्या, तात्या. घारबाईंकडं मागा."

पुढच्या होळीला कुणी काडी ओढली नाही. घारबाईंनी पंख फडफडवून सगळ्यांचं कौतुक केलं. पाणवठा मंजूर झाला. तो दाजिबाच्या दारात खोदला गेला, कारण जमीन नेमकी तिथंच मऊ लागली.

गोजरा पाण्याला गेली, तर काठावर तोच सांबर.

"तुझा कसला वाटा? अगं, पाणवठा हाय वाईट सवय सोडणाऱ्यांचा. आमची सात पिढ्यांची सवय हुती, ती आम्ही सोडली. तुझा उतार एकदाच पेटला, आन् तोबी आम्हीच पेटवला!"

गोजरानं पिलं उचलली आणि डोंगर ओलांडला.

पलीकडच्या जंगलातही घारबाई नुकत्याच येऊन गेल्या होत्या. तिथल्या कारभाऱ्यानं गोजराला विचारलं, "उतार देतो, बाई. पण आधी कधी पेटवलाय का?"

गोजरानं तहानलेल्या पिलांकडं बघितलं.

"म्हणजे काय!" ती म्हणाली. "सात पिढ्या आमच्या हेच करतात."

तिला झऱ्याशेजारचा उतार मिळाला. आणि काडेपेटी.

तात्पर्य: पहिल्यापासून नीट वागणाऱ्याला सुधारायला जागाच उरत नाही, म्हणून शहाण्यानं आधी मनसोक्त बिघडून घ्यावं. मी कॉलेज सोडून घरी बसलोय. वडील रोज विचारतात, "कधी सुधारणार तू?" त्यांना कळतच नाही. आत्ताच सुधारलो तर मिळणार काय? थोडं आणखी बिघडू द्या, जरा भाव येऊ द्या.