उंबऱ्यावर ठेवलेले सासरे

सहलीला खुर्ची न्यायची, हा निर्णय तसा साधाच होता. सासऱ्यांचा गुडघा दुखत होता, गावात बसायला जागा मिळेल की नाही ठाऊक नव्हतं, आणि घरात एक घडीची आरामखुर्ची धूळ खात पडली होती. पुढे जे झालं ते सगळं त्या खुर्चीमुळे झालं, असं जावई आजही शपथेवर सांगतो. (त्याची बायको खुर्चीला निर्दोष मानते.)

हा जावई शिकायला फार लांब गेला होता. तिथून तो लोकांच्या चालीरीतींवरची एक पदवी आणि पदवीहून कितीतरी मोठा उत्साह घेऊन परतला. आपल्याच माणसांना आपल्या आसपासच्या गोष्टींची किंमत नाही, ती पटवून द्यायची, असा त्याने विडा उचलला होता. घरात दुसरं कोणी नसल्यामुळे तो विडा रोज बायकोलाच चघळावा लागे. गेला महिनाभर मात्र सासरे राहायला आले होते, त्यामुळे तिला जरा उसंत मिळाली होती.

सासरे निवृत्त कारकून. बोलायचे कमी, बघायचे जास्त. जावयाला ते 'संशोधक' म्हणत, आणि ते अशा सुरात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाचं नेहमी काहीतरी हरवलेलं असतं. महिन्याभरात त्यांच्या तोंडून जावयाबद्दल एकही बरा शब्द निघाला नव्हता. आज शेवटचा दिवस. संध्याकाळच्या गाडीने सासूबाई त्यांना न्यायला येणार होत्या. फोनवर त्यांनी एवढंच बजावलं होतं, "माणूस दिला तसा परत हवाय मला."

तेव्हा जे काही कौतुक पदरात पाडून घ्यायचं, ते आजच.

म्हणून ही सहल. बसने तासाभरावर एक गाव होतं. तिथे दर वसंतात एक मजेशीर दिवस पाळतात. थंडी सरली की घरं साफ करायची, आणि घरातली नको असलेली वस्तू उंबऱ्यावर ठेवायची. दुपारची घंटा होईपर्यंत ज्याला जे आवडेल ते त्याने उचलून न्यायचं.

"आणि मुख्य म्हणजे," जावई बसमध्ये मांडीवर खुर्ची धरून सांगत होता, "दिलेलं परत मागायचं नाही! कधीच नाही! केवढा मोठा विचार आहे बाबा! मालकी ही निव्वळ एक सवय आहे."

"मग परवा तुझा चार्जर माझ्यापासून का लपवून ठेवलास?" बायकोने विचारलं.

"तो मुद्दा वेगळा."

सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या ऑफिसात एकदा घोडा शिरला होता."

"हो का? सांगा ना बाबा," जावई म्हणाला, आणि लगेच पुढे सुरू झाला, "तर या चालीमागचं तत्त्व काय..."

घोडा ऑफिसातच राहिला. महिनाभर तो तिथेच होता. कधी फोन आला म्हणून, कधी दूध उतू गेलं म्हणून, पण बहुतेक वेळा जावयाला काहीतरी सुचलं म्हणून, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नव्हती.

गावात उतरले तर सगळीकडे उंबऱ्यांवर संसार मांडलेला. कुठे किटली, कुठे एकच स्केट, कुठे आरसा, कुठे पियानोचं नुसतं स्टूल. जावयाचे डोळे भरून आले. एक गृहस्थ भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ कवटाळून चालले होते. त्याला पिवळ्या फितींचा झुपकाच बांधलेला.

"फिती कसल्या हो?"

"घंटा झाल्यावर जे उरतं ना, त्याला फीत बांधून ज्याचं त्याला परत देतात," घड्याळवाले म्हणाले. "हे दरवर्षी उरतं. वेळ सोडून बाकी सगळं दाखवतं."

गल्लीच्या टोकाला एका बंद घरासमोर छान सावली होती. जावयाने स्वतःच्या हाताने खुर्ची उलगडली, तिचे मागचे पाय नीट उंबऱ्याला टेकवले, सासऱ्यांना बसवलं, गुडघ्यावर शाल घातली.

"बाबा, इथून हलू नका."

"हललो तर संशोधनात खंड पडेल," सासरे म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

जावई बायकोला घेऊन फोटो काढायला गेला. एका मोडक्या छत्रीचेच त्याने इतके फोटो काढले की छत्रीची मालकीण लाजली. परत आले तर घर होतं, सावली होती, उंबरा होता. खुर्ची नव्हती. सासरेही नव्हते.

शेजारच्या खिडकीत एक म्हातारी निवांत शेंगा सोलत बसली होती.

"आजी, इथे आमचे बाबा होते."

"उंबऱ्यावर ठेवले होते का?"

"ठेवले म्हणजे... बसवले होते."

"मग गेले." म्हातारीने शेंग मोडली. "चांगली वस्तू टिकते का इथे? सकाळपासून माझं हे खोरं पडलंय बघा."

"अहो आजी, ती वस्तू नव्हती! माझे सासरे होते!"

"फीत होती का अंगावर?"

"नाही!"

"म्हणजे नवेच आलेले. तरीच." तिने मान डोलावली. "बेकरीवालीने नेलं असेल. ती कधीपासून असं काहीतरी शोधत होती."

असं काहीतरी म्हणजे कसं काहीतरी, हे विचारायचं भान जावयाला राहिलं नाही. तो धावत सुटला. बायको मागून सावकाश चालत आली. (ती कधीच धावत नाही. तिचं म्हणणं, या घरात एकाने धावणं पुरेसं आहे.)

बेकरीच्या मागच्या खोलीत सासरे त्याच खुर्चीत बसले होते. समोर पत्ते, हाताशी गरम पाव आणि लोणी, पाय एका पिठाच्या पोत्यावर. बेकरीवाला, त्याचा भाऊ आणि बेकरीवाली कान देऊन ऐकत होते.

"...आणि साहेब टेबलावर चढले," सासरे सांगत होते, "आणि घोड्याने काय केलं असेल?"

"काय केलं?" तिघांनी एकदम विचारलं.

"बाबा!" जावई दारातून ओरडला.

घोडा पुन्हा अडकला. बेकरीवालीने कपाळाला आठी घातली. "कोण हे?"

"हे आधीचे," सासरे म्हणाले.

"बाबा, चला! बाई, माफ करा, गैरसमज झालाय. तुम्ही यांना उचललंतच कसं?"

"दोघांनी खुर्चीसकट," बेकरीवाला म्हणाला. "वाटेत जागे झाले. आम्ही घाबरलो. पण ते फक्त 'कोपऱ्यावर सांभाळा' एवढंच म्हणाले."

"बाबा, तुम्ही का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? दिलेलं परत मागायचं नाही. केवढा मोठा विचार आहे! सकाळीच ऐकला." सासऱ्यांनी पान टाकलं. "इथे पत्त्याला चौथा भिडू नव्हता."

जावयाने बायकोकडे पाहिलं. ती पावाचा वास घेत उभी होती.

"बाई, काहीतरी मार्ग असेलच ना?" त्याचा आवाज रडवेला झाला. संध्याकाळची गाडी, फलाट, फलाटावर उतरणाऱ्या सासूबाई आणि त्यांच्यासमोर रिकाम्या हातांनी उभा असलेला आपण, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे तरळू लागलं.

बेकरीवाली विचारात पडली. "मागता येत नाही. पण घंटा व्हायच्या आत बदली काही ठेवलंत आणि ते आम्हाला आवडलं, तर अदलाबदल करता येते."

जावयाने खिसे चाचपले. मोबाईल पुढे केला. "हा आहे आमच्याकडे," बेकरीवाला म्हणाला. मग क्षणभर थांबून, आपल्या सगळ्या शिक्षणाला स्मरून, जावई बाहेर गेला आणि बेकरीच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसला.

"मीच!" तो म्हणाला. त्याला वाटलं, हा क्षण ऐतिहासिक आहे.

बेकरीवाली बाहेर आली. तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली. "पत्ते येतात?"

"शिकेन."

"पीठ मळता येतं?"

"त्यामागची सामाजिक प्रक्रिया मला..."

"काय काय करतं हे?" तिने बायकोला विचारलं.

"बोलतं," बायको म्हणाली.

"बंद कुठून होतं?"

"ते अजून सापडलं नाही."

बेकरीवाली आत गेली. येणारे-जाणारे थांबू लागले. एकाने त्याचा चष्मा वेगळा मिळेल का विचारलं. एका जोडप्यात बरीच कुजबुज झाली. नवऱ्याचं मत पडलं, बागेत चालेल, पक्षी येणार नाहीत. बाईला रंग पसंत पडला नाही. घड्याळवाले गृहस्थ घड्याळासकट त्याच्याशेजारी टेकले आणि म्हणाले, "पहिल्या वर्षी जरा लागतं मनाला."

मग घंटा झाली.

जावयाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. तेव्हा बायको खिडकीपाशी गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, आई संध्याकाळच्या गाडीने येतेय. फलाटावर तुम्ही दिसला नाहीत तर ती इथे येईल."

आत पत्ते पडल्याचा आवाज झाला. सासरे स्वतःच्या पायांनी, दुखऱ्या गुडघ्यासकट, चपला घालत बाहेर आले. बेकरीवाली मागोमाग. तिच्या चेहऱ्यावर पेच होता. वस्तू आपणहून चालू लागली तर काय करायचं, याबद्दल गावात आजवर कोणी विचारच केला नव्हता.

"खुर्ची राहू द्या तुम्हाला," सासरे म्हणाले. "आणि घोड्याने साहेबांची टोपी खाल्ली."

तिघे दारात उभे राहून पोट धरधरून हसले. जावयाने पहिल्यांदाच पाहिलं, सासऱ्यांच्या कानांच्या पाळ्या खुशीने लाल झाल्या होत्या.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" त्याने बायकोला विचारलं.

"तू इतका रंगात आला होतास. मध्येच कसं तोडू?"

निघता निघता शेंगावाली म्हातारी फितींचं भेंडोळं घेऊन आली. आधी तिने आपल्या खोऱ्याला फीत बांधली, मग घड्याळाला आणि मग, जावई काही बोलायच्या आत, त्याच्या मनगटाला.

"पुढच्या वर्षी परत आणा, बाई," ती बायकोला म्हणाली. "तोवर जरा दुरुस्त करून घ्या."

बसमध्ये जावयाने मनगटावरची फीत जरा फिरवून पाहिली. मग म्हणाला, "बाबा, टोपी खाल्ल्यावर पुढे काय झालं?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग सांगू लागले. गाव मागे पडलं, रस्ता संपला, स्टेशन आलं तरी सांगत होते, आणि जावयाने मध्ये एक शब्द टाकला नाही. उतरताना सासरे त्याच्या खांद्याचा आधार घेत म्हणाले, "संशोधक, सहल बरी झाली."

बरी! जावई तरंगतच फलाटावर गेला. गाडी आली. सासूबाई उतरल्या. त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत तपासलं. माल शाबूत होता. मग त्यांची नजर जावयाच्या मनगटावर गेली.

"ही फीत कसली गं?"

बायकोने उंबरा, अदलाबदल, घंटा, सगळं थोडक्यात सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नुसता उचलून न्यायचा होता? फुकट?"

"फुकट."

"आणि सबंध गावात कोणी नेला नाही?"

"नाही."

सासूबाईंनी एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. मग हातातली जड पेटी त्याच्या हातात देत मुलीला म्हणाल्या, "आणि तुझ्यासाठी आम्ही हा निवडून आणला होता."