नावाड्याचं आमंत्रण

"तोंड बंद ठेवून वल्हवायचं? पोरी, मी माझ्या लग्नातसुद्धा गप्प बसलो नव्हतो!" कॅप्टन वगदी म्हणाले.

"म्हणूनच हा श्वास मोजणारा मुखवटा आणलाय," त्यांच्या कानामागचे पट्टे आवळत डॉ. शहीरा म्हणाली.

एके काळी नाईलच्या याच धक्क्यावरून कॅप्टन कर्णा लावून तिच्यावर ओरडत असत आणि ती शर्यती जिंकत असे. आता ती विद्यापीठात व्यायामाच्या शरीरशास्त्रावर संशोधन करत होती. साठीनंतर माणूस जिवाच्या आकांताने वल्हवू लागला, की त्याचं हृदय आणि श्वास कुठवर साथ देतात, हे तिला मोजायचं होतं. अडचण एवढीच होती, की वल्हवण्याच्या क्लबातली सगळी ज्येष्ठ मंडळी यंत्र लावलं की वरातीत चालल्यासारखी वल्हवत. उसनं आणलेलं यंत्र संध्याकाळी परत जाणार होतं. कॅप्टन ही तिची शेवटची आशा होती.

कॅप्टनही ऐटीत, संथपणे निघाले. शहीरा मोटारबोटीतून मागे राहून यंत्राच्या पडद्यावरची श्वासाची रेषा पाहत होती. रेषा अगदीच आळशी होती.

वाटेत सब्री कोळ्याची होडी लागली. त्याची बायको उम्म करीमा स्टोव्हवर मासे तळत होती.

"या कॅप्टन! जेवायला या!" सब्रीने हाक दिली.

नदीवरची ही रीतच होती. होडीतल्याने बोलवायचं, जाणाऱ्याने "अल्लाह बरकत देवो" म्हणत पुढे जायचं. कोणी थांबत नाही, म्हणून तर बोलवणं परवडतं. पण कॅप्टनचं तोंड मुखवट्यात आणि हात वल्ह्यांवर अडकलेले. उत्तर न देता पुढे जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

सब्रीचा चेहरा पडला. "अगं, हा हो म्हणाला!"

"तीनच मासे आहेत," उम्म करीमा म्हणाली.

आपला घोटाळा कॅप्टनच्या ध्यानात आला. जवळ जाऊन निदान छातीवर हात ठेवून नम्रपणे 'नको' तरी खुणावावं, म्हणून त्यांनी आपली लांबलचक नाव वळवायला घेतली.

"आला! खरंच आला!" सब्रीने नांगर उपसला आणि प्रवाहाच्या दिशेने धूम ठोकली.

कॅप्टनने मान वळवून पाहिलं. नकार पोचवणं राहिलं बाजूला. एक मासेमारीची होडी त्यांच्यापुढे चालली होती! त्यांनी दात आवळले.

"वल्हव रे, वल्हव!" उम्म करीमा एका हाताने तवा सावरत ओरडत होती. "अंतर कमी होतंय!"

पडद्यावरची रेषा उभी चढू लागली. कॅप्टनना थांबवावं, की देवाचे आभार मानावे, हे शहीराला कळेना. रेषा वर जाऊन टेकली आणि तिथेच सपाट झाली; कॅप्टनच्या श्वासाने आपली कमाल गाठली होती. याच क्षणासाठी तिने महिनोन् महिने वाट पाहिली होती. त्याच क्षणी पुलाच्या खांबाशी दोन्ही नावा एकमेकींना भिडल्या.

"मुखवटा काढू नका, कॅप्टन!" शहीरा ओरडली. मग सब्रीकडे वळली. "भाऊ, यांना बोलता येत नाहीये. हे फक्त नको म्हणायला आले होते."

सब्रीला धाप लागली होती. आता त्याहून जास्त शरम वाटली. पाहुण्याला पाहून आपण पळालो! "नको कसं?" तो गरजला आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे शपथच घालून बसला. "जेवल्याशिवाय गेलात, तर हिला तलाक!"

"मला कशाला मध्ये घेतोस?" उम्म करीमा म्हणाली.

शहीरा घाईने मध्ये पडली. धडधड कशी उतरते, हे नोंदल्याखेरीज मोजणी पुरी होत नव्हती. "आणखी पाच मिनिटं यांनी नुसतं बसायला हवं. घासही नको. नाहीतर सगळं वाया जाईल."

उम्म करीमाने एकदा मुखवट्यातल्या लालबुंद चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग तिने माशांवर झाकण ठेवलं आणि पाय लांब करून ती होडीच्या काठाला टेकली.

"बसा हो कॅप्टन, निवांत बसा," ती म्हणाली. "तुमचा घास पोटात जाईपर्यंत मी कुणाची बायको नाही. सब्री, चहा टाक."