पौनीकरांचा सुका सांबार

पौनीकर आमच्याकडे चहाला आले की आधी कप बदलतात. त्यांच्यापुढचा माझ्याकडे सरकवतात आणि माझा स्वतः उचलतात. एकदा मी मुद्दाम जास्त भरलेला कप माझ्यापुढे ठेवला, तर त्या दिवशी त्यांनी बदललाच नाही.

"आज काहून नाही बदलला?" मी विचारलं.

"तुमी माझ्या हाताकडं पाहून राहिले होते. मले डाउट आला."

डाउट त्यांना सगळ्यांवर असतो. दूधवाल्यावर, विजेच्या मीटरवर, सोसायटीच्या टाकीतल्या पाण्यावर. सोसायटीचा हिशेब मी ठेवतो, म्हणून माझ्यावर जरा अधिक. बाजारात जाताना ते स्वतःचा स्प्रिंगचा काटा खिशात घेऊन जातात. आमची भाजीवाली त्यांना दुरून पाहिलं की म्हणते, "या काका. वजन तुमीच करा, मी नुसती बसते."

मूळ घराणं उमरेडचं, विणकरांचं. माग कधीच गेला, आता नागपूरच्या महाल भागात कपड्यांचं लहानसं दुकान आहे. पण गिऱ्हाइकाने नोट दिली तरी ती आधी सुताचा पोत पाहावा तशी चिमटीत चोळतात.

अशा माणसावर मला संशय यावा, यात नवल नाही. या हिवाळ्यात ते रोज पिशवी भरून सांबार आणू लागले. सांबार म्हणजे कोथिंबीर. आम्ही नागपूरकर तिला दुसरं काही म्हणत नाही. दोनतीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. घरात ते आणि मुलगी रुचा, दोनच माणसं. दोन माणसांना एवढा सांबार लागत नाही, हा हिशेब मला जुळेना. त्यात गच्चीवरची सावलीची बाजू सांबार वाळत घातलेल्या त्यांच्या चादरींनी व्यापलेली. सामायिक गच्चीवर धंदा चालणार असेल तर ते विचारणं माझं काम होतं. मी गच्चीवर गेलो.

पौनीकर उकिडवे बसून पानं निवडत होते.

"विकायचा विचार आहे का?"

"डाउट घेऊन राहिले काय गा माझ्यावर?" ते हसलेच नाहीत. "पोरगी शिकाले मेलबर्नले चालली. तिच्यासाठी सांबारवडीचा मसाला करून राहिलो. तिथं नुसतं बेसन भिजवायचं, हे भरायचं, तळायचं."

"तुम्हाला येतो?"

"तिची आई करे तवा मी बाजूले बसून पेपर वाचत जाओ. तेवढंच येते." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "आईसारखं जमलं का, ते रुचाच सांगंल."

"मग आत्ताच चाखायला द्या की तिला."

"इथं इचारलं तर माझं मन राखाले हो म्हणंल. तिथं जाऊन भूक लागंल, घर आठवंल, तवा खाईल. तवा खरं सांगंल."

मला हे तर्कशास्त्र पटलं नाही. पुढे बॅग भरायला मीच होतो. तीस किलोंच्या वर एक ग्रॅम नको म्हणून माझा काटा आणि त्यांचा काटा, दोन्हींवर वजन झालं. दोन्हींत फरक निघाला, तेव्हा दोघांनीही आपलाच खरा मानला. खाण्याचं सगळं तिथल्या विमानतळाच्या अर्जावर खरं लिहायचं, हे मी रुचाला बजावलं. पौनीकरांनी मसाल्याच्या पुडीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं: सुका सांबार. मी दोनदा वाचून पाहिलं. चूक दिसली नाही.

चूक मेलबर्नच्या विमानतळावर दिसली. तिकडच्या रानात सांबर नावाचं हरीण आहे, आणि लोक त्याची शिकार करतात. मराठीत आपण एका कान्याने वाचतो. इंग्रजीत कोथिंबीर आणि हरीण सारखंच. अधिकाऱ्याला वाटलं, पोरीने वाळवलेलं मांस आणलं. रुचाने समजावलं, पुडी उघडून दाखवली. मांस नव्हतं, पण मसाल्यात खसखस होती. बियाणं चालत नाही म्हणून पुडी तिथेच राहिली. खरं लिहिलं होतं म्हणून दंड झाला नाही.

मला वाटलं, पौनीकर आता त्या अधिकाऱ्यावर डाउट घेतील. त्यानेच घरी नेऊन खाल्ला म्हणतील.  पण त्यांनी दोन दिवस दुकानच उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते ताटलीत गरम सांबारवड्या घेऊन आले. घरी मसाला थोडा उरला होता.

"वैनी, तुमी रुचाच्या आईच्या हातच्या खाल्ल्या आहेत. आता तुमीच सांगा. मन नका राखू."

माझ्या बायकोने एक वडी खाल्ली. मग अर्धी आणखी खाल्ली. ती खोटं बोलत नाही, हे पौनीकरांनाही ठाऊक असावं.

"चांगल्या आहेत भाऊजी. पण ताई मसाल्यात चिमूटभर साखर टाकायच्या."

"साखर?"

"हो. शेवटी, गॅस बंद केल्यावर."

पौनीकरांनी ताटलीकडे पाहिलं. "इतकी वर्षं खाल्ल्या मी," ते म्हणाले. मग तिथेच बसून त्यांनी रुचाला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असतो.

"रुचा, ऐकून राहिली काय? तुह्या आईच्या मसाल्यात साखर राहे वं. मी टाकलीच नव्हती."



"माहीत आहे बाबा," रुचा म्हणाली. "कढईतलाच चाखला होता मी. पण तुम्ही केला होता न."